युद्धाचे खाते कोणाच्या नावावर?

बाजारात बसणारा माणूस दुकानदार असो की गिऱ्हाईक, माल पाहिल्याशिवाय तो पैसे मोजत नाही. तागा उलगडून पाहतो, वजन करून घेतो, भाव ठरवतो आणि पावती मागतो. युद्ध हा मात्र असा एकच माल आहे की जो नमुना न दाखवता विकला जातो, त्याचा भाव माल घरात आल्यावर कळतो, आणि बिल भलत्याच माणसाच्या नावावर फाडले जाते.

या पानावर आम्ही एरवी सूत, चामडे, तांबे-पितळ, भाडे आणि कर यांविषयी लिहितो. युद्ध हा राजकारणाच्या पानावरचा विषय, असे काही वाचक म्हणतील. पण युद्धाचा निर्णय कोठेही झाला तरी त्याची वसुली बाजारातूनच होते. म्हणून आज एकाच देशाचे खाते उघडून पाहू. देश इराक. हिशेब १९८० पासूनचा. नफ्याच्या बाजूला कोणाची नावे आहेत आणि तोट्याच्या बाजूला कोणाची, एवढेच आम्हाला पाहायचे आहे.

उधारीतून उठलेले युद्ध

सप्टेंबर १९८० मध्ये इराकने इराणवर हल्ला केला. हे युद्ध आठ वर्षे चालले. रशिया आणि फ्रान्स यांनी इराकला विमाने व शस्त्रे विकली. अमेरिका इराकला शत्रूच्या हालचालींची माहिती पुरवीत होती आणि त्याच काळात इराणलाही गुपचूप क्षेपणास्त्रे विकीत होती. हा दुहेरी व्यवहार १९८६ मध्ये उघडकीस आला. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकेचे विशेष दूत म्हणून डोनाल्ड रम्सफेल्ड बगदादला जाऊन सद्दाम हुसेन यांना भेटले होते. पुढे २००३ मध्ये हेच रम्सफेल्ड संरक्षणमंत्री होते आणि हेच सद्दाम जगाचे शत्रू ठरले होते. दुकान तेच, फक्त गिऱ्हाईक बदलले.

युद्ध संपले तेव्हा इराक कर्जात बुडालेला होता. एकट्या कुवेतचे सुमारे १४ अब्ज डॉलर देणे होते. आम्ही साऱ्या अरबांसाठी लढलो, तेव्हा ही उधारी माफ करा, अशी सद्दाम यांची मागणी होती. कुवेतने ती मानली नाही. शिवाय कुवेत ठरलेल्या कोट्यापेक्षा अधिक तेल काढून भाव पाडतो, ही त्यांची दुसरी तक्रार होती. तेल पिंपामागे एक डॉलरने उतरले तर इराकचे वर्षाला एक अब्ज डॉलर बुडतात, असा त्यांचा हिशेब होता. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या.

हे आम्ही मुद्दाम आधी सांगत आहोत. स्वार्थापोटी युद्ध लादण्याचे पाप केवळ पाश्चात्त्यांच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे नाही. येथे एका मुस्लिम राज्यकर्त्याने, मुस्लिम शेजाऱ्याचे कर्ज बुडवण्यासाठी, त्याच्या तिजोरीवर आणि तेलविहिरींवर हात टाकला. भाषा मात्र अरबांच्या इज्जतीची होती.

या हल्ल्याची झळ आपल्या घरापर्यंत पोहोचली, हे अनेक वाचकांना आठवत असेल. कुवेतमध्ये अडकलेल्या सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना ऑगस्ट ते ऑक्टोबर १९९० या काळात जॉर्डनमार्गे विमानांनी मायदेशी आणावे लागले. त्यांत केरळचे लोक फार, पण आपल्या कोकणातलेही होते. कित्येकांची आयुष्याची कमाई कुवेतच्या बँकेत आणि बंद खोलीत राहिली. जुलैमध्ये १७-१८ डॉलरला मिळणारे तेल ऑक्टोबरमध्ये ४० डॉलरपर्यंत गेले. भारताची परकीय चलनाची गंगाजळी आधीच आटत आली होती, सरकारी खर्च हाताबाहेर गेलेलाच होता, त्यात हा फटका बसला. आयातीवर रोख अनामत दोनशे टक्क्यांपर्यंत नेण्यात आली आणि परदेशी कच्चा माल मागवणाऱ्या लहान कारखानदाराची कोंडी झाली. अखेर जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने लंडनला पाठवून गहाण ठेवावे लागले. त्या भांडणात भारताचा काडीचाही संबंध नव्हता.

भीती विकण्याचा धंदा

ऑक्टोबर १९९० मध्ये अमेरिकी संसद सदस्यांच्या एका गटासमोर पंधरा वर्षांच्या एका कुवेती मुलीने साक्ष दिली. इराकी सैनिकांनी रुग्णालयातील नवजात बालकांना काचेच्या पेट्यांतून काढून जमिनीवर मरण्यासाठी टाकले, असे तिने रडत सांगितले. ती गोष्ट देशभर दाखवली गेली आणि अध्यक्ष थोरले बुश यांनी ती पुनःपुन्हा सांगितली. युद्धानंतर तिला पुरावा मिळाला नाही. जानेवारी १९९२ मध्ये उघड झाले की, ही मुलगी कुवेतच्या अमेरिकेतील राजदूतांची कन्या होती आणि तिची साक्ष उभी करण्यामागे हिल अँड नोल्टन ही प्रसिद्धी कंपनी होती. या प्रचाराच्या कामासाठी कंपनीला एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम मिळाली आणि तिचा बहुतेक भाग कुवेत सरकारकडून आलेला होता.

इराकी फौजांनी कुवेतमध्ये अत्याचार केले नाहीत असे नव्हे. खरे अत्याचार पुष्कळ होते. पण खरा माल बाजारात असताना खोटा माल विकला गेला, कारण त्याला भाव अधिक होता.

त्या युद्धाचा खर्च सुमारे ६१ अब्ज डॉलर झाला. त्यापैकी ५० अब्जांहून अधिक रक्कम अमेरिकेने इतरांकडून वसूल केली. सर्वांत मोठा वाटा सौदी अरेबिया व कुवेत यांचा, त्यानंतर जपान आणि जर्मनीचा होता. हल्ल्याची नुकसानभरपाई म्हणून इराकवर ५२ अब्ज ४० कोटी डॉलरचे देणे बसवण्यात आले. ते इराकच्या तेलाच्या पैशातून वळते केले जात होते. शेवटचा हप्ता जानेवारी २०२२ मध्ये फिटला. सद्दाम यांना २००६ मध्ये फाशी झाली होती. म्हणजे एका माणसाच्या हट्टाचे हप्ते त्याच्या मृत्यूनंतरही पंधरा वर्षे अशा लोकांनी फेडले, ज्यांपैकी लाखोंचा १९९० मध्ये जन्मही झालेला नव्हता.

निर्बंधातही दलाली

मध्यंतरीच्या काळात इराकवर व्यापारबंदी होती. औषधे व अन्न घेता यावे म्हणून १९९६ पासून संयुक्त राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली तेल विकून धान्य घेण्याची योजना सुरू झाली. पॉल व्होल्कर यांच्या चौकशी समितीने ऑक्टोबर २००५ मध्ये या योजनेचे वाभाडे काढले. जगभरातील २,२०० हून अधिक कंपन्यांनी सद्दाम यांच्या राजवटीला लाच वा वरकड रक्कम दिली होती आणि तिची बेरीज १ अब्ज ८० कोटी डॉलर होती.

त्यांत सर्वांत मोठी रक्कम ऑस्ट्रेलियाच्या गहू निर्यात मंडळाकडून गेली होती, सुमारे २२ कोटी डॉलर. ट्रकभाड्याच्या नावाने जॉर्डनमधील एका वाहतूक कंपनीच्या खात्यात हा पैसा भरला जाई आणि तेथून तो बगदादला पोहोचे. आता गंमत पाहा. २००३ मध्ये सद्दाम हे जगाला धोका आहेत असे सांगून ज्या मोजक्या देशांनी आपले सैन्य पाठवले, त्यांत ऑस्ट्रेलिया होता. एका हाताने त्या राजवटीचा गल्ला भरला जात होता आणि दुसरा हात बंदुकीवर होता.

२००३ : मालाचा नमुना कोठे होता?

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्क व वॉशिंग्टनवर झालेल्या हल्ल्यांत सुमारे तीन हजार निरपराध माणसे मारली गेली. तो गुन्हा घोर होता आणि अमेरिकी जनतेच्या मनातली भीती खरी होती. पण त्या खऱ्या भीतीवर दुसरेच सौदे उरकण्यात आले. ११ सप्टेंबरच्या चौकशी आयोगाला इराक आणि अल कायदा यांनी मिळून काही कारवाई केल्याचा पुरावा आढळला नाही. तरीही ५ फेब्रुवारी २००३ रोजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत चित्रे दाखवून सांगितले की, इराककडे संहारक रोगजंतू बनवणाऱ्या फिरत्या प्रयोगशाळा आहेत.

ही माहिती आली कोठून? तिचा मुख्य आधार जर्मनीत आश्रय घेतलेला एक इराकी होता. हेरखात्यात त्याचे टोपणनाव ‘कर्व्हबॉल’ असे होते. आपण ती गोष्ट रचून सांगितली, अशी कबुली त्याने २०११ मध्ये स्वतःच दिली. सद्दामविरोधी नेते अहमद चलबी यांची संघटनाही अमेरिकेला खबरी पुरवीत असे आणि त्यासाठी तिला दरमहा तीन लाखांहून अधिक डॉलर मिळत. खबर गरम असेल तरच दलाली चालू राहणार, हे कोणत्याही दलालाला सांगावे लागत नाही. युद्ध झाल्यावर अमेरिकेच्याच तपास पथकाने संपूर्ण देश पालथा घातला आणि ऑक्टोबर २००४ मध्ये अहवाल दिला की, अशा शस्त्रांचे साठे तेथे नव्हते.

भीतीचा उपयोग घरातल्या राजकारणातही होतो. अमेरिकेत २००२ पासून दहशतवादाचा धोका रंगांनी सांगण्याची पद्धत होती. त्या खात्याचे पहिले मंत्री टॉम रिज यांनी २००९ मधील आपल्या पुस्तकात लिहिले की, २००४ च्या निवडणुकीच्या तोंडावर धोक्याची पातळी वाढवावी असा आग्रह काही सहकारी मंत्र्यांनी धरला होता. हे सुरक्षिततेसाठी आहे की राजकारणासाठी, असा प्रश्न त्यांना पडला. पातळी वाढवली गेली नाही. २०११ मध्ये ही रंगांची पद्धतच बंद झाली.

अंदाज आणि बिल

घर बांधायला काढले तरी आपण गवंड्याकडून अंदाज घेतो. या युद्धाचा अंदाजही मागितला गेला होता. अध्यक्षांचे अर्थसल्लागार लॉरेन्स लिंडसे यांनी सप्टेंबर २००२ मध्ये १०० ते २०० अब्ज डॉलर असा आकडा सांगितला. डिसेंबरमध्ये त्यांना पदावरून जावे लागले. संरक्षण खात्याचे उपमंत्री पॉल वुल्फोवित्झ यांनी मार्च २००३ मध्ये संसदेला सांगितले की, इराक आपल्या तेलाच्या पैशातून स्वतःची उभारणी लवकरच करू शकेल. प्रत्यक्षात केवळ थेट खर्च ८०० अब्ज डॉलरच्या घरात गेला. जखमी सैनिकांचा जन्मभराचा उपचार आणि कर्जावरचे व्याज त्यात नाही. कमी अंदाज सांगणाऱ्यांपैकी कोणालाही फरक भरून द्यावा लागला नाही.

आता जमेची बाजू पाहू. उपाध्यक्ष डिक चेनी हे १९९५ ते २००० या काळात हॅलिबर्टन कंपनीचे प्रमुख होते. इराकच्या तेलविहिरी दुरुस्त करण्याचे काम या कंपनीच्या केबीआर या शाखेला स्पर्धेच्या निविदा न मागवता मिळाले. डिसेंबर २००३ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्याच हिशेबतपासनिसांनी दाखवून दिले की, कुवेतमधून आणलेल्या पेट्रोलपोटी सरकारकडून ६ कोटी १० लाख डॉलरपर्यंत जादा घेतले गेले असावेत. कंपनीने आरोप नाकारला. चेनी यांनी स्वतः हा ठेका दिला असे कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेले नाही आणि आम्हीही तसे म्हणत नाही. पण ज्या गावात सरपंचाच्या जुन्या भागीदाराला टेंडर न काढता काम मिळते, तेथे गावकऱ्यांना काय वाटते हे सांगायला नको. २०११ मध्ये अमेरिकेच्या युद्धकालीन ठेक्यांच्या आयोगाने इराक व अफगाणिस्तान मिळून ३१ ते ६० अब्ज डॉलर उधळपट्टी व फसवणुकीत गेल्याचा हिशेब मांडला.

इराकी जनतेच्या पैशाचे काय झाले? २००३-०४ मध्ये सुमारे १२ अब्ज डॉलरच्या नोटा विमानांनी बगदादला नेण्यात आल्या. त्यांचे वजन ३६३ टन भरले. हा पैसा अमेरिकेचा नव्हता, तो इराकच्या तेलाचा होता. त्या काळात इराकी निधीतून खर्च झालेल्या ८ अब्ज ८० कोटी डॉलरचा नीट हिशेब ठेवला गेला नाही, असे जानेवारी २००५ मध्ये अमेरिकेच्या विशेष महानिरीक्षकांनी नोंदवले. आपल्याकडे शंभर रुपयांचे व्हाउचर नसले तर विक्रीकराचा अधिकारी कसा बोलत असे, ते आठवून पाहावे.

तांबटांच्या गल्लीत

या खात्याची दुसरी बाजू बगदादच्या बाजारात दिसते. तेथे सूक अल-सफाफीर नावाचा तांबटांचा जुना बाजार आहे. आपल्याकडच्या तांबट आळीत जसा ठोक्यांचा आवाज येत असे, तसाच तेथे शेकडो वर्षे येत आला. २००३ मध्ये अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी एकामागून एक हुकूम काढले. आयातीवरील जकात प्रथम उठवण्यात आली आणि पुढे बहुतेक आयात मालावर पाच टक्के आकार बसला. तेल-खनिजे वगळता बहुतेक धंद्यांत परदेशी भांडवलाला शंभर टक्के मालकी आणि सगळा नफा बाहेर नेण्याची मुभा मिळाली. दोनशेच्या आसपास सरकारी कारखाने थंड पडले. आधी तेरा वर्षांच्या बंदीने कंबर मोडलेला कारागीर आता परदेशी स्वस्त मालासमोर उभा केला गेला. त्यात बॉम्बस्फोटांमुळे गिऱ्हाईक आणि परदेशी प्रवासी येईनासे झाले. तांबटांच्या बाजारातली दुकाने एकेक करून कापडाच्या व आयात मालाच्या व्यापाऱ्यांकडे गेली.

जवळच मुतनब्बी रस्त्यावर पुस्तकांचा बाजार भरतो. ५ मार्च २००७ रोजी तेथे मोटारीत ठेवलेल्या बॉम्बचा स्फोट झाला आणि तीसच्या आसपास माणसे ठार झाली. मरणारे पुस्तकविक्रेते होते, गिऱ्हाईक होते आणि चहा पिणारे होते. इराक बॉडी काउंट या संस्थेच्या नोंदीनुसार २००३ पासून हिंसाचारात मारल्या गेलेल्या सामान्य नागरिकांची संख्या १ लाख ८० हजारांहून अधिक आहे.

दहशतीचेही दुकान असते

ब्रेमर यांच्या दुसऱ्या हुकमाने मे २००३ मध्ये इराकचे सैन्य बरखास्त झाले. लाखो शिकवलेली, हत्यारबंद माणसे एका दिवसात बेकार झाली. पुढे आयसिस या नावाने जी टोळी उभी राहिली, तिच्या म्होरक्यांत जुन्या सैन्यातले कित्येक अधिकारी होते. ज्या दहशतवादाच्या नावाने युद्ध केले, तो युद्धानंतरच तेथे फोफावला.

आणि या टोळ्यांचे खातेही धर्माच्या नावाने उघडलेले असले तरी चालत होते खंडणीवर. मोसुल शहरातील दुकानदार, ठेकेदार व औषधविक्रेते २०१४ च्या आधीपासून गुपचूप हप्ते भरत होते. जून २०१४ मध्ये शहर ताब्यात आल्यावर हीच वसुली कर म्हणून उघड सुरू झाली. विहिरींतले तेल चोरून विकले गेले, पुराणवस्तूंचा बाजार मांडला गेला. त्याच मोसुलमध्ये मजुरीला गेलेले ३९ भारतीय, बहुतेक पंजाबचे, पळवून मारले गेले. त्यांच्या मृत्यूची खात्री मार्च २०१८ मध्ये झाली. त्यापूर्वी ऑगस्ट २००४ मध्ये १२ नेपाळी मजुरांची अशीच हत्या झाली होती. पोटासाठी गेलेल्या या माणसांचे कोणत्याही बाजूशी भांडण नव्हते.

आपण काय करावे?

एक सावधगिरी प्रथम आपल्यालाच बाळगायची आहे. युद्धामागे पैसा असतो हे कळले की, काही मंडळी प्रत्येक घटनेमागे गुप्त कट पाहू लागतात. तेही नमुना न पाहता माल घेण्यासारखेच आहे. उदाहरणार्थ, सारे युद्ध अमेरिकी तेल कंपन्यांसाठी झाले असे सरसकट म्हटले जाते. पण २००९ मध्ये इराकने तेलक्षेत्रांचे लिलाव केले, तेव्हा सर्वांत मोठे रुमैला क्षेत्र ब्रिटिश व चिनी कंपन्यांना मिळून गेले, आणि रशियाच्या कंपनीलाही मोठे क्षेत्र मिळाले. चीन आणि रशिया या युद्धात नव्हते. वर दिलेला हिशेब कोणत्याही अफवेवरून आलेला नाही. तो बहुतांशी चौकशी आयोग, हिशेबतपासनीस आणि संबंधितांच्या कबुलीतून आला आहे. लबाडी पकडायला वहीच पुरते, मात्र ती वेळेवर मागावी लागते.

दुसरी गोष्ट रोजच्या व्यवहाराची. युद्धाचे बिल आपल्याकडे विम्यातून आणि भाड्यातून येते. २००१ नंतर जगातील पुनर्विमा कंपन्यांनी दहशतवादाच्या जोखमीतून अंग काढून घेतले. म्हणून एप्रिल २००२ मध्ये भारतातील विमा कंपन्यांनी एकत्र निधी उभारला. ही जोखीम साध्या आगीच्या पॉलिसीत आपोआप येत नाही, त्यासाठी वेगळा हप्ता भरावा लागतो. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा युद्धजोखमीचा दर अनेक पटींनी चढला आणि जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. निर्यात करणाऱ्या बांधवांनी मालाच्या पॉलिसीत युद्धाचे कलम आहे का, आणि माल बंदरात पडून असताना ते लागू राहते का, हे एजंटाकडून लेखी विचारून घ्यावे. सर्वसाधारणपणे ते संरक्षण जहाजावर असतानाच असते.

तिसरी गोष्ट मोठी आहे. पुढच्या वेळी कोणीही, कोणत्याही झेंड्याखाली, धोका दारात आला आहे असे ओरडू लागला, तर तीन साधे प्रश्न विचारावेत. पुरावा कोणी पाहिला? खर्च कोण भरणार? आणि ठेका कोणाला मिळणार? हे प्रश्न विचारणाऱ्याला कोणी देशद्रोही म्हणेल, कोणी कौमद्रोही म्हणेल. बगदादच्या तांबटाला हे प्रश्न विचारण्याची संधी कोणी दिली नाही. त्याच्यावर राज्य करणाऱ्याने दिली नाही आणि त्याला मुक्त करायला आलेल्यानेही दिली नाही. त्याच्या नावावर मात्र बिल निघाले आणि त्याने ते भरले.